वेल्मा ब्रेबॉय धरून

"मी कोण आहे ते तुला ठाऊक नाही होय गं, लोरीन?" मेव्हिस डायलने शेंगांची परात मांडीवरून खाली ठेवली. "जन्मलीस तेव्हा पहिली आंघोळ मी घातली तुला. तुझी आई शुद्धीवर नव्हती."

"ठाऊक आहे, मावशी. पण जनगणनेत वंश विचारावाच लागतो."

"मग लिही की! विचारायचं काय त्यात?"

"तुमच्या तोंडून यायला हवं. नाहीतर हे मास्तर माझं नाव वर कळवतील."

मेव्हिसबाईंनी माझ्याकडे पाहिले. "मास्तर, तुम्हाला कोण विचारतं हो? की गोऱ्यांना नुसतं बघूनच कळतं?"

"मलाही विचारलं," मी म्हणालो. "उत्तर द्यायला मीही जरा वेळ घेतला."

ते त्यांना आवडले असावे. त्या ताठ बसल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "आदिवासी. आई आदिवासी, बाप आदिवासी. आता लिही. आणि आलीस ते बरं केलंस. माझ्या लहानपणी सरकारी माणूस गाडीतून उतरायचासुद्धा नाही. काचेतून बघायचा, मनाला येईल ते लिहायचा आणि धूळ उडवत जायचा."

ही अतिशयोक्ती नव्हती. त्या काळी वंश हा बघून नोंदवण्याचा विषय होता. विचारण्याचा तो पुढे झाला. शाळेत जीवशास्त्र शिकवताना 'वंश' हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे आणि मुलांना त्याची व्याख्या करायला सांगत असे. तास संपेपर्यंत एकही व्याख्या उभी राहत नसे. निवृत्तीनंतर जनगणनेत पर्यवेक्षकाची हंगामी नोकरी मी घेतली, ती ज्याची व्याख्या करता येत नाही ते मोजतात कसे, हे पाहण्याच्या कुतूहलाने. त्या दिवशी माझे काम एवढेच होते की प्रगणक लोरीन बुलार्ड छापील प्रश्न शब्दशः वाचते की नाही, हे तिच्या शेजारी बसून पाहायचे. प्रश्न कितीही वेळा वाचावा, विचारल्यास नियम समजावून सांगावा. उत्तर मात्र कधीही सुचवू नये. सुचवले, तर तो प्रगणक दुसऱ्या दिवशी कामावर नसे.

लोरीनने उभे आयुष्य शाळेची बस चालवली होती. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, गोरे, कृष्णवर्णीय आणि आदिवासी जवळजवळ सारखे, आणि एके काळी शाळाही तीन. त्या एक झाल्या तेव्हा पहिल्या बसवर जायला कोणी ड्रायव्हर तयार होईना. लोरीन तेव्हा विशीतली होती. ती तयार झाली. मुले बसमध्येही तीन टोळ्या करून बसत. तिने उपदेश केला नाही. चढेल त्याने पुढची पहिली रिकामी जागा घ्यायची, एवढा एकच नियम तिने काढला. तिचा रस्ता तिन्ही वस्त्यांतून वळसे घेत जाई, त्यामुळे बाकीचे काम रस्त्यानेच केले.

"वर्तमानपत्रात लोकसंख्येचं ते गोल चित्र छापतात ना, मास्तर," गाडी सुरू करताना ती म्हणाली, "तीन फोडी आणि एक बारीकशी चीर. मला ते कलिंगडासारखं दिसतं. माणसं काही दिसत नाहीत त्यात."

"मलाही नाही."

"आता जातोय ना, ते घर त्या चिरेतलं. वेल्मा काकू." तिने गाडी वळवली. "ईस्टरनंतर आठवड्यात गेल्या. भांडी घासता घासता."

वेल्मा ब्रेबॉय मला ऐकून माहीत होत्या. आई आदिवासी, वडील कृष्णवर्णीय. आदिवासींच्या शाळेने वडिलांकडे बोट दाखवून त्यांना परत पाठवले, कृष्णवर्णीयांच्या शाळेने आईकडे. अक्षरओळख चर्चमध्ये झाली. काचेतून पाहणाऱ्या माणसाने त्यांना एकदा एका रकान्यात टाकले आणि दहा वर्षांनी दुसऱ्याने दुसऱ्या. एकाहून अधिक रकाने भरायची मुभा प्रथम मिळाली, त्या वर्षी त्यांनी दोन्ही भरले आणि शेजारीपाजारी रताळ्याच्या गोड सारणाची भाजलेली 'पाय' वाटली. काहींना वाटले, घरात नातवंड आले.

डॉर्सी ब्रेबॉय ओसरीवर बसून मासे धरायच्या गळाच्या दोरीचा गुंता सोडवत होते. आम्हाला पाहून त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"या. काय विकताय?"

"काही नाही, काका. जनगणना. तुमचा कागद आला नाही म्हणून आलो."

"तो कागद वेल्मा भरायची. तिचं काम होतं ते, मी कधी हात लावला नाही. यंदा म्हणाली, सणाची गडबड उरकू दे, मग निवांत भरते." त्यांनी गाठीत नख घातले. "मग राहिलं ते."

लोरीनने कागद लावलेली पाटी मांडीवर घेतली आणि वाचले, "एक एप्रिल रोजी या घरात किती व्यक्ती राहत होत्या?"

"एक."

तिचे पेन कागदावर टेकले, पण हलले नाही. वेल्माबाई ईस्टरनंतर गेल्या, हे तिला माहीत होते आणि आता मलाही. त्या वर्षी ईस्टर एप्रिलच्या पहिल्या रविवारी आला होता. हिशेब शाळकरी होता. पण तो आम्ही करायचा नव्हता. लोरीनने 'एक' लिहिले असते, तर कामात खोट नव्हती. वेल्मा ब्रेबॉय मात्र पुन्हा एकदा कुणाच्याच मोजणीत आल्या नसत्या, आणि या खेपेला दहा वर्षांनी दुरुस्त करायला त्या नसणार होत्या.

"पुन्हा वाचू शकते ना, मास्तर?" लोरीनने माझ्याकडे न पाहता विचारले.

"कितीही वेळा," मी म्हणालो.

तिने वाचले. त्याच चालीत, जरा सावकाश.

"एकच म्हटलं ना! बस चालवून चालवून कान गेले का तुझे? दिसतंय ना, मी एकटा बसलोय ते? आणखी कोण पाहिजे तुला, कुत्रा धरू?"

"कुत्रा धरत नाहीत, काका."

"मग लिही एक आणि जा."

तिने तिसऱ्यांदा वाचले. "एक एप्रिल रोजी," म्हणून ती थांबली. नियमपुस्तकात वाचण्याचा वेग दिलेला नाही; श्वास कुठे घ्यावा हेही दिलेले नाही. मी माझे पेन बंद केले. कोंबड्यांचा तेवढा आवाज येत होता. मग तिने उरलेला प्रश्न वाचून संपवला.

डॉर्सी काकांची बोटे गुंत्यात थबकली.

"एक एप्रिल," ते म्हणाले. "म्हणजे ईस्टरच्या आधी का नंतर?"

ही विचारलेली गोष्ट होती, आणि तिचे उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरनेही दिले असते.

"आधी, काका. त्याच आठवड्यातला गुरुवार."

"गुरुवारी..." त्यांनी डोळे बारीक केले. "गुरुवारी मी ईस्टरच्या जेवणाला हॅम आणलं. चुकीचं आणलं. हाड असलेलं सांगितलं होतं, मी बिनहाडाचं आणलं. संध्याकाळपर्यंत बोलत होती. आंधळा म्हणाली मला, बहिरा म्हणाली. इथेच उभं राहून, दारात." ते एकाएकी लोरीनकडे वळले. "ती इथे होती की गं त्या दिवशी!"

लोरीनने पेन कागदावरून उचलले. दुजोरा देण्याची परवानगी नव्हती.

"पण आता ती... मग ती धरता येते का?"

"त्या दिवशी जो हयात होता आणि या घरात राहत होता, तो धरायचा," ती म्हणाली. हा नियम होता. तो सांगायला तिला मुभा होती. "पुढे काय झालं ते हा कागद विचारत नाही."

"मग दोन," डॉर्सी काका म्हणाले. "दोन लिही. माझ्या देखत लिही."

तिने लिहिले. मी कोणाचे तरी मनापासून आभार मानले. देवाशी माझा पत्रव्यवहार नाही. तेव्हा ते त्या तारखेचे मानले असावेत. ज्या कोणी कचेरीत बसून, आमच्या ओसऱ्या कधी न पाहता, एक दिवस ठरवून टाकला आणि पुढच्या दिवसांना त्यात लुडबुड करू दिली नाही, त्या अनोळखी माणसाचे.

"थांब जरा," म्हणून काका आत गेले. बाहेर आले ते चर्चला घालायचा पांढरा सदरा घालून. गुंडी एक घर चुकलेली होती. ते खुर्चीवर बसले नाहीत.

"हे घर कोणाच्या नावावर आहे?" लोरीनने वाचले.

"तिच्या. जमीन तिच्या आईची. मी इथे आलो तेव्हा माझ्याकडे बूट तेवढे होते."

"मग पहिली व्यक्ती त्या."

"पहिली?"

"घर ज्याचं, तो पहिला."

"बघ म्हणजे!" ते हसले. त्यांचे हसणे मी तेव्हा प्रथम पाहिले. "हे ऐकायला पाहिजे होती ती. महिनाभर मला सुनावलं असतं."

वेल्माबाईंचे नाव, जन्मतारीख, वय यांची उत्तरे त्यांनी न अडखळता दिली. वंशाचा प्रश्न लोरीनने सगळे पर्याय धरून पुरा वाचला. काका मान डोलावत ऐकत राहिले.

"दोन्ही," ते म्हणाले. "बापाकडचंही आणि आईकडचंही. एक गाळलंस तर मला झोपू देणार नाही ती." मग थोड्या वेळाने, "तू आलीस, लोरीन, म्हणून झालं हे. देव तुझं भलं करो. मी तर तिला बाहेरच ठेवत होतो."

"तुम्हीच सांगितलंत, काका. मी फक्त वाचलं."

"हो, हो. मीही पाहिलं कसं वाचलंस ते."

माझ्या निरीक्षणपत्रात एक रकाना होता: प्रश्न शब्दशः वाचले काय? मी 'होय' लिहिले. जीवशास्त्राच्या कोणत्याही विधानाखाली मी इतक्या निःशंकपणे सही केलेली नाही.

"आता दुसरी व्यक्ती," लोरीन म्हणाली. "डॉर्सी ब्रेबॉय." तिने पुढचा प्रश्न जसाच्या तसा वाचला. "या व्यक्तीचे पहिल्या व्यक्तीशी नाते काय?"

काकांनी चुकलेली गुंडी सोडून नीट लावली. दोन्ही हात खाली सोडून ते सरळ उभे राहिले.

"नवरा," ते म्हणाले.

लोरीनने तो चौकोन भरला. तिचे लिहून होईपर्यंत ते तसेच उभे होते.