सहा खोल्यांत एकच महाराज

मावशीच्या अंगणात इतक्या चपला मी फक्त लग्नात पाहिल्या होत्या, आणि लग्न तर कुणाचंच नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस निवांत काढावेत म्हणून मी नाशिकहून दिंडोरीजवळच्या तिच्या मळ्यात आले, तर बंगल्याच्या सहाही खोल्या माणसांनी गच्च भरलेल्या. सगळ्यांचे हात जोडलेले आणि सगळ्यांच्या माना वर, छताकडे.

"बाळांनो, संयम ठेवा," छत म्हणालं.

आवाज चांगला घनगंभीर होता. त्याच क्षणी प्रत्येक खोलीतल्या टीव्हीवर एका दाढीवाल्या गृहस्थांचा फोटो झळकला, डोक्यामागे सोनेरी चक्र फिरत होतं. ते गृहस्थ स्वतः हॉलमध्ये झोपाळ्यावर बसलेले होते, ओठ घट्ट मिटून. त्यांचं नाव मौनेश्वर महाराज, आठवड्यापासून ते मावशीकडेच उतरले होते, आणि त्यांनी वर्षभर मौन धरलं होतं.

"तुम्ही कालेजात शिकवता ना ताई?" शेजारच्या मळ्याचे सावळीराम मला म्हणाले. "मग सांगा, व्हट हलले का त्यांचे? नाय ना? आन् आवाज आला तो थेट माझ्या कानाशी!"

"तुमच्या कानाशी?" स्वयंपाकघरातून मावशीच्या स्वयंपाकीण भागीबाई कडाडल्या. "अवो, हितं माझ्या शेगडीपाशी उभं राहून बोलले ते!"

देवघरातल्यांचं म्हणणं, आवाज देव्हाऱ्यातून आला. एकूण काय, ज्याला त्याला आपापले खासगी महाराज मिळाले होते.

हा महिमा समजावून सांगायला मयूर नावाचा एक शिष्य होता. अंगात पांढरा सदरा आणि हातात कायम मोबाईल. "मौन देहाचं असतं, ताई, वाणीचं नसतं," तो मला म्हणाला. "वाणी ही विश्वाची स्पंदनं असतात. क्वांटम असतं ते."

मी फिजिक्स शिकवते. क्वांटमचं नाव असं निघालं की मला शाळेतून घरी तक्रार आल्यासारखं वाटतं.

"मग हा फोन कशाला?"

"भक्तांचा ग्रुप सांभाळावा लागतो ना."

प्रश्नोत्तरं सुरू झाली. भक्तानं विचारायचं, मयूरनं डोळे मिटायचे, फोनवर त्याचा अंगठा जरा हलायचा आणि छतातून उत्तर यायचं. सावळीरामांनी द्राक्षाचं विचारलं. छत म्हणालं, "फळ योग्य वेळी मिळेल." भागीबाईंनी सुनेला दिवस कधी जातील ते विचारलं. छत म्हणालं, "फळ योग्य वेळी मिळेल." दोघंही डोळे पुसत उठले. एका वाक्यात द्राक्ष आणि नातू दोन्ही उरकले, याचं मला कौतुकच वाटलं.

मी हसून सोडूनही दिलं असतं, पण संध्याकाळच्या आत बागेत एक चक्कर मारावी म्हणून बाहेर पडले आणि हसू जिरलं. दोन दिवसांपासून आभाळ भरलेलं होतं, बाग ऐन फुलोऱ्यात, आणि पानांवर तेलकट पिवळे डाग, पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. डावणी! फुलोऱ्यात डावणी घडात शिरली की घड वाळून गळतो आणि वर्षाचं पीक हातचं जातं, हे इकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पलीकडे ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडून झुंबर नुसता बसला होता. मावशीच्या, म्हणजे गावाच्या आक्कांच्या, बागेतली कामं तोच बघतो.

"टाकी रिकामी का?"

"आक्कांनी औषध बंद ठेवलंय. उद्या मंत्रजल मारायचं हाय. बघायला आन् इकत घ्यायला चार गावचे बागायतदार येणार हायेत."

"आणि तोवर?"

"तोवर डावणी काय महाराजांच्या पाया पडून थांबणार हाय का?" झुंबर म्हणाला. "पण मी बोललो तर मी नास्तिक."

मी मावशीकडे गेले. माझी मावशी कुसाबाई भोळी मुळीच नाही. काका गेल्यावर बाग तिनं एकटीनं सांभाळली. व्यापाऱ्यांना तिच्यापुढे घाम फुटतो. पण त्या दिवशी ती मला धड उत्तर देईना. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाली, "तृप्ते, तो आवाज म्हनला, तुझ्या धन्याला इखानं नेलं. जन्मभर फवारे मारले त्यांनी. आन् औषध कालवून कोन द्यायचं? मीच ना गं!"

काका हृदयविकारानं गेले. तीन नसा बंद होत्या, हे डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. पण मनात सलत असलेली गोष्ट छतातून मोठ्यानं ऐकू आली की माणूस डॉक्टरांना विसरतो. इतका वेळ मला महाराजांची गंमत वाटत होती. आता मात्र खरा राग आला.

वाद घालून उपयोग नव्हता. उद्यापर्यंत थांबायलाही वेळ नव्हता. मी खोल्या धुंडाळत निघाले. सगळ्यात मागच्या खोलीत द्राक्षाचे रिकामे क्रेट छतापर्यंत रचलेले होते. तिच्या दारात उभी राहिले आणि ऐकू आलं, "संयम ठेवा... ठेवा." पुन्हा तेच. सर्वव्यापी महाराज मागच्या खोलीत अर्धा शब्द उशिरा पोचत होते! विश्वाच्या स्पंदनांना क्रेटची थप्पी आडवी येते, हे मला तरी नवीन होतं.

मी वर पाहिलं. छतात एक गोल पांढरी जाळी होती. मावशी माझ्या मागोमाग आलीच होती.

"मावशी, हे गं काय?"

"हवेच्या जाळ्या असतील. बंगला घेतला तवापासून हायेत, समद्या खोल्यांत."

हा बंगला आधी मुंबईच्या एका गृहस्थाचा. वायनरी बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी त्यानं तो बांधला, धंदा चालला नाही, म्हणून बागेसकट मावशीला विकला. खोलीखोलीतले टीव्हीही त्याचेच. आमच्या कॉलेजात सगळ्या वर्गांत एकदम सूचना देण्यासाठी एक ॲप आहे, ते माझ्या फोनमध्ये होतं. घरचं वायफाय जोडून मी ते उघडलं आणि छतातल्या स्पीकरांची यादी समोर आली: शिराझ, मर्लो, शेनिन, कॅबरने, झिनफंडेल, सोव्हिन्यॉन. पहिल्या मालकानं खोल्यांना वाइनच्या द्राक्षांची नावं दिली होती. सकाळीच व्यसनमुक्तीवर प्रवचन दिलेले महाराज सहा वाइनमधून बोलत होते.

जिन्याखालच्या कपाटात महाराजांच्या पादुका ठेवल्या होत्या, 'स्पर्श करू नये' अशा पाटीसह. मी स्पर्श केला. पादुकांखाली एक छोटा कॉम्प्युटर होता, चांगला गरम झालेला.

वायर उपटणं सोपं होतं. पण मग महाराज कोपले म्हणून गवगवा झाला असता. म्हणून मी ॲपमध्ये सगळ्या खोल्यांवर खूण केली, माईक चालू केला आणि फोन स्वयंपाकघरात मावशीच्या हातात दिला.

"झुंबरला हाक मार."

"ह्याच्यात? हॅलो... झुंबर हाय का?"

"हॅलो, झुंबर हाय का?" सहा खोल्यांची छतं म्हणाली.

हॉलमध्ये सावळीरामांनी साष्टांग नमस्कार घातला. "महाराज आक्कांच्या आवाजात बोलले!"

मावशीनं वर पाहिलं. फोनकडे पाहिलं. "कोन बोलतंय? मीच बोलते का?"

छतांनीही तेच विचारलं. आणि मग झोपाळ्यावरून एक बारीक, किनरा आवाज आला, जो आजवर कुणीच ऐकला नव्हता: "मयूर! अरे बंद कर ना ते, गाढवा!"

वर्षभराचं मौन असं सुटलं.

मी कपाट सताड उघडलं आणि सगळ्यांना बोलावलं. "लग्नात अक्षता आधी वाटतात की नाही? 'सावधान' झालं की सगळ्या मांडवात एकदम पडतात. तसंच हे. हा डबा आवाजाचे तुकडे आधीच खोल्याखोल्यांत वाटून ठेवतो आणि सांगतो, अमुक क्षणी वाजवा. सगळ्यांची घड्याळं जुळवलेली, म्हणून फोटो आणि आवाज एकाच वेळी. मागच्या खोलीत वायफाय कमी, तिथे अक्षता उशिरा पोचतात."

"पण माझ्या कानाशी?" सावळीराम.

"तुमच्या डोक्यावरच्या जाळीतला आवाज तुमच्याकडे सगळ्यात आधी येतो, म्हणून तो तिथूनच आला असं वाटतं. भागीबाईंना त्यांच्या शेगडीपाशी. वाक्यं आधीच बोलून ठेवलेली, आवाज मशीनवर जाड केलेला. मयूर फक्त निवडतो."

कुणी ओशाळून हसलं, कुणी चपला शोधू लागलं. मावशी मात्र हसली नाही.

"मग ह्यांना इखानं नेलं, हे कोन म्हनलं?" तिनं मला विचारलं.

"मयूरचा अंगठा, मावशी."

मग तिनं डोळे पुसले आणि फोन तोंडाजवळ नेला. सहा खोल्यांतून तिचा खणखणीत आवाज बाहेर अंगणापर्यंत गेला.

"झुंबर, टाकी भर. आदी तोंडाला मास्क बांध, हातमोजे घाल. ते घातल्याबिगर टॅक्टरला हात लावायचा नाय, मी सांगून ठेवते!"

अंधार पडायच्या आत फवारणी झाली. एका कोपऱ्यातले घड गेले, बाकी बाग वाचली. महाराज आणि मयूर कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. आपण फसलो होतो हे आठवायला कुणाला आवडतं?

नवल वाटून घेण्यात माझ्या मते काहीच वाईट नाही. सहा यंत्रं एका शब्दाचाही फरक न पडू देता एकसुरात बोलतात, हे नवलच आहे, आणि ते माणसांनी डोकं चालवून केलंय. फक्त नवल वाटलं की लगेच विचारावं: हे येतं कुठून, बटण कुणाच्या हातात आहे, आणि मी ऐकलं तर त्यात भलं कुणाचं?

मी नाशिकला परत निघाले त्या सकाळी सावळीराम आले ते थेट मावशीपुढे हात जोडून. "आक्का, तुमचा शब्द झाला आन् बाग वाचली. माझ्या बागंला फवारू का नको, तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या."

मावशीनं कपाळावर हात मारला.

"अरे, मला काय इचारतो? बाग तुझी, डोळे तुझे. जा, पान उलटं करून बघ!"