अर्धी प्रार्थना

"सिस्टर, हे काय हाय?" मच्छिंद्रनं कॅलेंडर रतनबाईंच्या नाकासमोर धरलं.

रतनबाईंच्या एका हातात चिमटा होता आणि दुसऱ्या हातात त्याच्या आईची, बनुबाईची टाच. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. कॅलेंडर चर्चचंच, नाताळात त्यांनीच दिलेलं. वर मेंढपाळाचं चित्र, खांद्यावर कोकरू. त्या मेंढपाळाच्या कपाळावर बनुबाईनं ठसठशीत हळदकुंकू लावलं होतं. कोकरालासुद्धा सोडलं नव्हतं.

"देव्हाऱ्यात हुतं. खंडोबाच्या शेजारी," मच्छिंद्र म्हणाला.

"मीच ठिवलंय," बनुबाई ओट्यावरून गरजली. "मेंढरं राखनारा देव हाय त्यो. आपल्या खंडोबाचा पाव्हनाच की! पाव्हन्याला काय दारात उभं करू?"

एरवी रतनबाई पोट धरून हसल्या असत्या. चर्चच्या मंडळीत सांगितलं असतं तर पास्टरसाहेबांनी कपाळाला हात लावला असता. पण मच्छिंद्रचा चेहरा बघून त्यांचं हसू ओठावरच विरलं. त्यांनी गुपचूप पट्टी बांधली आणि पिशवी आवरली. मच्छिंद्र फाटकापर्यंत त्यांच्यासोबत चालत आला.

"हळदीकुंकवाला आलेल्या कुनीतरी देव्हाऱ्याचा फोटो काढला. गावाच्या ग्रुपवर फिरतोय. घर बाटलं म्हनत्यात लोक," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आमच्या ज्ञानेश्वरीला राहुरीचं स्थळ आलंय, सिस्टर. त्यांच्या कानावर गेलं तर पोरीचं कसं व्हायचं?"

मच्छिंद्र वाईट माणूस नव्हता हो. रतनबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर मिरजगावात त्यांना "सिस्टर, चहा घेऊन जावा" म्हणणारी जी चारदोन घरं होती, त्यांत त्याचं पहिलं. म्हणून तर त्याचं बोलणं जास्त लागलं.

"पट्टीला या. तुमच्यावाचून त्या पायाला कोन हाय? पन तुमच्या प्रभूचं नाव माझ्या घरात काढायचं न्हाई. आईला यातलं काय कळू देऊ नका, ती घर डोक्यावर घील. शब्द द्या."

नगरच्या डॉक्टरांनी बनुबाईचा साखरेनं पोखरलेला पाय कापायला सांगितला होता. सात महिने रोज धुऊन पुसून रतनबाईंनी तो राखला होता. चार दिवस खाडा झाला असता तर सगळं मुसळ केरात.

"दिला," रतनबाई म्हणाल्या.

घरी सून पंकजा भाकरी थापत होती. सगळं ऐकून तिला सुटल्यासारखंच झालं.

"बरं झालं, आई. हल्ली काय काय चाललंय, मोबाईलवर बघता ना तुम्ही? उद्या नागापूरला ह्यांच्या कारखान्यापर्यंत गोष्ट गेली म्हणजे? सेवा करा की गपचूप. बोलायलाच पाहिजे असं कुठंय?"

"अगं, रानात गोड पाणी लागलं तर शेजारणीला सांगायचं नाही होय?"

"सांगावं की. पण शेजारणीची विहीर आधीच भरलेली असली तर?"

घ्या! पोरीनं काही वावगं विचारलं नव्हतं. बनुबाईची विहीर भरलेलीच होती. खंडोबा होता, एकादशी होती, तोंडात सदा देवाचं नाव होतं. मग आपल्याला का राहवत नाही?

त्यांना एकच ठाऊक होतं. चोविसाव्या वर्षी त्यांची पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. रतनबाई तेव्हा नावाच्या ख्रिस्ती. रविवारी पांढरी साडी, बाकी आनंद. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "देवाची इच्छा. दुसरं होईल." फक्त वॉर्डातली म्हातारी आया आसराबाई फरशीवर टेकली, त्यांचा पाय हातात घेतला आणि म्हणाली, "झोप, बाय. मी घरी गेले तरी तो हितंच हाय." त्या दिवशी रतनबाईंना झोप लागली. बस, एवढंच. पुढं चाळीस वर्षं हाताखालून जो दुखणाईत गेला, त्याला हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडलं नाही. माणसं जमवायची असती तर केव्हाच हात टेकले असते. त्यांच्या सांगण्यानं आजवर एकानंही बाप्तिस्मा घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून रतनबाई मुक्या झाल्या.

रोजची रीत अशी होती. जुनी पट्टी सोडण्याआधी बनुबाईच्या पावलावर तळवा ठेवायचा आणि म्हणायचं, "प्रभू, ही तुझी लेक आहे. हिचा पाय तुझ्या हातात दिला." त्यापुढचं त्या ओठातल्या ओठात म्हणायच्या. ते त्यांचं स्वतःचं होतं. आता तळवा तेवढा राहिला.

"म्हन की," बनुबाई म्हणाली.

"आज घाई आहे."

दुसऱ्या दिवशी घसा बसलेला होता. तिसऱ्या दिवशी आणखी काही. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस किती दिवस पुरणार?

"माझ्यावर रुसलीस व्हय गं?" आठव्या दिवशी बनुबाईनं विचारलंच. "त्या कुकवापायी? तुमच्यात चालत न्हाई का? मला अडानीला काय ठावं. पुसून टाकीन म्हनलं, तर कॅलेंडरच घावंना."

खरं सांगावं तर माय-लेकांत जुंपणार, आणि शब्द तर दिलेला. "तुझं कुंकू छान होतं गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि खाली मान घालून कापूस चिमटत बसल्या.

फाल्गुनात बनुबाईला ताप भरला. पाय काळवंडला. मच्छिंद्रनं सकाळी सकाळीच जीप बोलावली. ओट्यापुढं ही गर्दी! दोघंतिघं मोबाईल वर धरून उभे होते. दुखणं दिसलं की मदतीआधी मोबाईल वर जातो, अशी आता रीत पडली आहे. रतनबाई वाट काढत जीपपाशी पोचल्या. बनुबाईनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"सिस्टर, आता तरी म्हन. मला भ्या वाटतंय."

रतनबाईंनी मच्छिंद्रकडं पाहिलं. त्यानं मोबाईलवाल्यांकडं पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको.

"मी येते सोबत," रतनबाई म्हणाल्या.

"नका, सिस्टर. लोक बघत्यात."

"लवकर बरी होऊन ये, बनुबाई," रतनबाई म्हणाल्या. कुणीही म्हणतं तसं. मनगट सुटलं आणि दार लागलं.

तिसऱ्या दिवशी नगरहून बनुबाई आली ती ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या कापडात.

दहावा उरकल्यावर रतनबाई गेल्या. ओट्याखाली बनुबाईची चप्पल तशीच होती. पट्टीसकट पाय जावा म्हणून रतनबाईंनीच तिची एक बाजू कापून घेतली होती. मच्छिंद्रनं डोकं भादरलेलं होतं. तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला.

"जीपमधी आई तुमचं ते म्हनत हुती," तो म्हणाला. "प्रभू, ही तुझी लेक हाय. हिचा पाय तुझ्या हातात दिला. एवढं म्हनायची आन् थांबायची. पुढचं काय गं, पुढचं काय, म्हनून मला विचारायची. नगर येस्तोवर विचारलं. मला कुठलं ठावं?" त्यानं खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. "काय हुतं पुढचं, सिस्टर?"

चाळीस वर्षांत हे त्यांना कुणी आपणहून विचारलं नव्हतं. त्यांनी वाकून ती कापलेली चप्पल उचलली, मांडीवर घेतली.

"मी नसेन तिथं तू अस," त्या म्हणाल्या.

मच्छिंद्र वाट बघत राहिला.

"आन् पुढं?"

"पुढं काही नाही. एवढंच."

"एवढंच?" तो त्यांच्याकडं बघतच राहिला. "अवो, मग म्हनायचं की सिस्टर. एवढंच हुतं तर म्हनू दिलं असतं की मी."

रतनबाई चपलेची धूळ पदरानं पुसत राहिल्या.