काचेच्या अलीकडे

“हातमोजा काढा ना ताई, रबराला ही काच दाद देत नाही,” डॉक्टर म्हणाले आणि अर्धं बिस्कीट तोंडात टाकून त्यांनी स्वतःच नव्या टॅबलेटवर बोट फिरवलं.

टॅबलेट लघवीच्या बाटल्यांना टेकून उभा होता.

सव्वीस वर्षं डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत ताईंनीच घातलेली एक रीत होती. आकडे पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी दाराच्या काचेला आतून चिकटवायची, हातमोजे काढून हात धुवायचे आणि बाहेर जाऊन, काचेतून वाचत नोंद करायची; आधी वहीत, आता लॅपटॉपवर. आतला कागदसुद्धा बाहेर जात नसे.

“लॅपटॉप आहे की आपला. मग ही पाटी कशाला?” ताईंनी विचारलं.

“तुमचा द्राविडी प्राणायाम वाचावा म्हणून!”

आठवड्याभरात प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचा उजवा हात मोज्याविना उघडा झाला. दुपारी तोच टॅबलेट चहाच्या टेबलावर जाई. डॉक्टर त्याच्यावर बशी ठेवत. तिरप्या उजेडात काचेवर बोटांची तेलकट साय दिसे. रक्ताची, विष्ठेची ताईंना कधी किळस आली नव्हती. बाटलीत असते तोवर घाण ही नुसती एक वस्तू. तिनं जागा सोडली, की मळमळतं.

एका सकाळी त्यांनी निर्जंतुक बोळा टॅबलेटवरून फिरवला, दुसरा लॅपटॉपवरून, आणि दोन्ही जंतू वाढवायच्या बशांवर टेकवले. दोन दिवसांनी पहिली बशी डॉक्टरांपुढे ठेवली. तिच्यात पिवळट, ओलसर ठिपके एकमेकांत मिसळून गेले होते.

“अहो, जंतू कुठे नसतात? तुमच्या लॅपटॉपवर नाहीत?”

“आहेत ना. दोन.” ताईंनी दुसरी बशी पुढे सरकवली.

डॉक्टरांनी ती बघितलीही नाही. “नमुन्यामागे मिनिटभर वाचतंय, ताई. जमत नसेल त्यानं खुशाल घरी बसावं.”

तेवढ्यात त्यांची चार वर्षांची नात शाळेतून आली. भुणभुण नको म्हणून डॉक्टरांनी आतला टॅबलेट आणून तिच्या हातात दिला. पोरीनं बोट चाटलं, काचेवर फिरवलं, पुन्हा चाटलं.

ताईंनी तिला कडेवर घेऊन बेसिनपाशी नेलं. एकेक बोट, मग नखं, मग मनगट.

“आजोबा, या आजी किती वेळ धुतायत!”

“धुऊ दे गं. त्यांना तेवढंच येतं.”

ताईंनी नळ बंद केला. पोरीचे हात स्वच्छ रुमालाने पुसले आणि तिला खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा ताई आल्या नव्हत्या. खुंटीवर त्यांचा धुऊन इस्त्री केलेला पांढरा कोट होता आणि दाराच्या काचेला आतून एक चिठ्ठी लावलेली होती. तिच्यावर पेन्सिलीतल्या सरळ अक्षरांत दोनच ओळी होत्या.

लॅपटॉप : दोन.
टॅबलेट : मोजता आले नाहीत.

डॉक्टरांनी त्या बाहेरूनच वाचल्या. मग हातातलं बिस्कीट कुठे ठेवावं, ते त्यांना कळेना.