आडव्या रेघेचा मास्क

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. नाव ऐकताच तुम्ही तोंड वाकडे केलेत, ते मला दिसले. राग नाही. माझ्याकडे आनंदाने पाहणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि आता तो भेटेल ही आशाही मी सोडून दिली आहे. माझे इलॅस्टिक सैल पडले आहे, एका बाजूला गाठ मारली आहे, आणि एके काळचा पांढरा रंग राखाडी झाला आहे. मी फार थकलो आहे. तरी माझी हकीकत सांगतो, कारण तुम्हीही कधीतरी माझ्या भावंडांना कानांत अडकवून शाळेत गेला असाल.

माझा जन्म कबनूरचा. हे गाव इचलकरंजीला अगदी खेटून आहे. इथल्या गल्लीतून चालले की दोन्ही बाजूंच्या शेडमधून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. त्यातल्याच एका शेडमध्ये रफिक नावाचा कामगार वीसहून अधिक वर्षे मागावर आहे. शेडमध्ये सुताचे बारीक तूस सारखे उडत असते. ते केसांवर बसते, चहाच्या कपात पडते, आणि नाकातोंडात जाते ते निराळेच. एकदा पॉपलीनचा तागा विणताना रफिकला खोकल्याची मोठी उबळ आली. तेवढ्यात आडवा धागा तुटला. त्याच्या ध्यानात येईपर्यंत माग तसाच चालत राहिला आणि कापडात एक विरळ आडवी रेघ उमटली. असे कापड व्यापारी घेत नाही. शेडचा हिशेब बघणाऱ्या दिवाणजींनी तेवढा तुकडा कापून रफिकच्या हातात ठेवला. मी त्या तुकड्यातला आहे. म्हणजे एका खोकल्यामुळेच मी जन्माला आलो म्हणा ना.

पुढे करोनाची टाळेबंदी आली आणि सगळे माग थांबले. रफिकची बायको फातिमा घरी शिलाईकाम करते. तिने ट्रंकेतून तो तुकडा काढला, दुहेरी घडी घातली आणि मशीनवर पाच मास्क शिवले. दुकाने बंद, इलॅस्टिक मिळेना. मग तिने लेकीच्या जुन्या परकराचे इलॅस्टिक उसवून आम्हाला लावले. मी त्या पाचांतला सर्वांत नीट शिवलेला होतो, पण ती विरळ रेघ नेमकी माझ्याच मधोमध आली. मला सुहानाने उचलले. सुहाना ही त्यांची एकुलती मुलगी.

त्या दिवसांत आमचा भाव भलताच वधारला होता. शेजारीपाजारी दारात उभे राहून मास्क मागायचे. आम्हाला रोज गरम पाण्याने आंघोळ घातली जायची, उन्हात स्वतंत्र दोरीवर वाळवले जायचे. कौतुकाचे दिवस म्हणाल तर तेवढेच. मला तेव्हा वाटले, असेच चालत राहणार.

दुसऱ्या वर्षी रफिकला तो आजार झाला. एकोणीस दिवस तो दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. घरी आला तेव्हा खाटेपासून दारापर्यंत जाताना दोनदा खाली बसला. डॉक्टर फातिमाला म्हणाले, "फुप्फुसं आधीच तुसानं कमजोर झालीत. आता परत संसर्ग झाला तर अवघड होईल, बाई." सुहाना पडद्याआड उभी होती. तिने ते ऐकले, पण ती कोणाजवळ बोलली नाही. काही महिन्यांनी रफिक पुन्हा मागावर गेला, कारण दुसरे काम त्याला येत नव्हते. आधी तो आठ माग सांभाळायचा, आता चारच.

मग शाळा उघडली. सुहाना सातवीत होती. फाटकापाशी उन्मेष सर उभे राहून मुलांची तोंडे तपासायचे. उन्मेष सर तिचे वर्गशिक्षक. काही पोरे माझ्या भावंडांना हनुवटीवर बांधायची, कोणी चघळायचे, दोघे तर मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल करायचे! सुहानाचे तसे नव्हते. ती डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खायची आणि दोन घासांच्या मध्ये मला वर ओढायची. तिच्या श्वासाने मी दिवसभर ओला असायचो. तिला अब्बाची काळजी होती, आणि त्या काळजीचे सगळे ओझे माझ्या दोन दोऱ्यांवर होते. मला तिची दया यायची आणि खरे सांगायचे तर कंटाळाही यायचा.

सुहानाच्या बाकावर अंतरा बसायची. अंतराला लहानपणापासून कमी ऐकू येते. कानामागे यंत्र आहे, पण त्याने आवाज नुसता मोठा होतो, शब्द उमटत नाहीत. शब्द ती लोकांच्या ओठांवरून ओळखते. सगळ्यांनी आम्हाला तोंडावर चढवले आणि त्या मुलीची शाळा एका दिवसात मुकी झाली. सर काय शिकवतात ते तिला कळेना. सुरुवातीला ती विचारायची. दहा वेळा "काय?" म्हणून झाल्यावर अकराव्या वेळी कोणीतरी हसले. तेव्हापासून तिने विचारणे सोडले. सुहाना वहीत लिहून दाखवायची, पण किती लिहिणार? ज्या मुलीला पाचवीत गणिताचे बक्षीस मिळाले होते, ती सातवीत फळ्याकडे बघत नुसती बसून असायची.

हे माझ्यामुळे होत होते. मला ते दिसत होते आणि मला काहीच करता येत नव्हते.

गुढीपाडव्याच्या तोंडावर बातमी आली की मास्कची सक्ती आता उठली, ज्याला हवा त्याने लावावा. तसा निर्णय झाला तरी आमच्या शाळेत तो लगेच लागू होईना. दोन पालक मुख्याध्यापकांकडे भांडून गेले. एकाला मास्क आजच्या आज काढून हवा होता, दुसऱ्याला सुट्टी लागेपर्यंत ठेवून हवा होता. शेवटी शाळा समितीने शनिवारी पालकांची सभा बोलावली.

सभा सातवीच्याच वर्गात भरली. अध्यक्ष होते आकाराम. त्यांचा स्वतःचा मास्क हनुवटीखाली लोंबत होता. ते म्हणाले, "सरकारनं काढला, आपन काढायचा. ह्यात चर्चा कसली करायची? पोरं घामानं भिजाय लागल्यात."

फातिमा उठली. एरवी ती चारचौघांत बोलत नाही. "आकारामभाऊ, तुमच्या घरात समदी धडधाकट हायत, तुमी म्हनणारच. माझं मानूस एकोणीस दिस मरणाच्या दारात हुतं. पोरगी शाळेतनं काय घिऊन आली तर मी कुणाकडं बघू? महिना-दीड महिना राहिलाय सुट्टीला. तेवढं तरी राहू द्या की."

मग अंतराची आई वर्षाराणी उभी राहिली. ती पतसंस्थेत नोकरी करते, तोलूनमापून बोलते. "फातिमाताई, तुमचं दुःख मला कळतं. पण माझी मुलगी सहा महिने वर्गात बसून काही ऐकत नाही. जूनमध्येही हेच राहणार असेल तर मी तिला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घालणार आहे. फॉर्म आणून ठेवलाय. मला तिला लांब पाठवायचं नाही हो."

यावर जी गलबल सुरू झाली ती विचारू नका. कोणी म्हणे आजपासून काढा, कोणी म्हणे परीक्षेनंतर, कोणी म्हणे आमच्या पोराला पुरळ उठलंय. सगळे एकाच वेळी बोलत होते. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, काढा रे बाबांनो, एकदाचा सोडा मला.

सुहाना आणि अंतरा बाहेर व्हरांड्यात खिडकीपाशी उभ्या होत्या. मी सुहानाच्या तोंडावर होतोच. फॉर्मचे ऐकले आणि तिचा श्वास अडकला. अंतराला त्यातले एक अक्षरही कळले नव्हते. ती सुहानाच्या डोळ्यांकडे बघून अंदाज बांधत होती.

तेवढ्यात रफिक आला. तो पहिली पाळी संपवून थेट मागावरून आला होता. केसांत, भुवयांत तूस अडकलेले. जिना चढून दम लागला म्हणून तो व्हरांड्यात थांबला. त्याने अंतराकडे पाहिले. चार हात लांब उभे राहून आपला मास्क खाली ओढला, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, सोबत हाताने खूण केली.

अंतराचा चेहरा खुलला. ती मोठ्याने म्हणाली, "हो काका, भाकरी आणि आमटी! तुम्ही जेवलात?"

सुहाना चकित झाली. "अब्बा, तुमी काय इचारलं? मला तर काय ऐकूच आलं न्हाय."

"जेवलीस काय म्हनून इचारलं," रफिक म्हणाला. मग तो खिडकीतून आत बघत राहिला. आत वर्षाराणी खाली मान घालून बसली होती. रफिक दारातून आत गेला.

मित्रांनो, मागाच्या शेडमध्ये कानठळ्या बसतील असा आवाज असतो. तिथे कोणी ओरडले तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथले कामगार एकमेकांच्या ओठांकडे आणि हातांकडे बघून बोलतात. धागा संपला, पाणी दे, साहेब आले, पोरगी पास झाली, सगळे असेच सांगतात. रफिक वीस वर्षे असा बोलत आला होता. गंमत म्हणजे आपल्याला हे येते याचे त्याला कधी काही विशेष वाटलेच नव्हते.

सभेत त्याला ओरडता येईना. तो बोलू लागला तसे लोकच गप्प झाले.

"ही पोरगी आमच्यासारखीच हाय," तो म्हणाला. "मागावर तोहिद माझ्या समोर असतोय. उद्या त्यानं तोंडाला फडकं बांधलं, तर मी आंधळ्यावानी हुभा ऱ्हाईन. ती पोरगी सहा म्हैनं तशी हुभी हाय. सरांनी मास्क काढावा."

"तुमीच म्हनताय?" फातिमा ओरडली. "तुमच्यासाठी मी भांडाय लागलोय आणि तुमीच म्हनताय व्हय?"

"भ्या मलाबी हाय, फातिमा," रफिक म्हणाला. "पन माझ्या श्वासापायी दुसऱ्याच्या लेकराला गावातनं घालवू काय?"

आकारामांनी हनुवटीवरचा मास्क काढून खिशात घातला आणि निर्णय सांगितला. सरांनी उघड्या खिडकीजवळ उभे राहून, मास्क न लावता शिकवायचे. मुलांपैकी ज्याला हवा त्याने लावायचा, आणि कोणी कोणाला चिडवायचे नाही.

सोमवारी उन्मेष सरांनी मास्क काढला आणि सगळा वर्ग फिस्सकन हसला. सरांना मिशी नव्हती! सहा महिने सगळ्यांनी त्यांना आपापल्या मनाने मिशी लावून ठेवली होती. सरही हसले. अंतरा पहिल्या बाकावर येऊन बसली होती. तासाच्या शेवटी तिने हात वर करून एक प्रश्न विचारला.

मला वाटले, चला, आता आपली सुटका. एकेक करत सगळ्या बाकांवरची तोंडे मोकळी झाली. पण सुहानाने मला काढले नाही. शेवटी मधल्या सुट्टीत अंतराने माझ्याकडे बोट दाखवले. ती म्हणाली, "आता सर कळतात. तू कळत नाहीस."

सुहाना घरी येऊन खूप रडली. मी पुरता भिजलो. रफिक खाटेवर टेकून बसला होता. तो तिला म्हणाला, "काढ की बाळा. मी बरा हाय."

"काढते," सुहाना म्हणाली. "पन मग ह्यो तुमी घालायचा. मागावर."

"मागावर? अगं, मग तोहिदसंगं बोलू कसं?"

"हातानं बोला. डॉक्टर काय म्हनलं ते मला ठावं हाय. तुसानं फुप्फुसं खराब झाल्यात म्हनलं. तुमच्या पायी मी सहा म्हैनं तोंड झाकलं, अब्बा. तुमी मागावर वीस वर्सात एकदाबी न्हाय झाकलं."

फातिमाने मशीनचे झाकण उघडले आणि माझ्या इलॅस्टिकला एक जादा तुकडा जोडला, कारण बापाचे तोंड लेकीपेक्षा मोठे होते.

अशी माझी सुटका झाली नाही, बदली झाली. आज इतकी वर्षे मी शेडमध्ये आहे. दुपारपर्यंत तुसाने इतका भरतो की रफिक मला खांबावर आपटून झाडतो. अंग ठणकते. जे पूर्वी त्याच्या छातीत जायचे ते आता माझ्या अंगात बसते. त्याचा खोकला गेलेला नाही, पण रात्रभर उठून बसणे थांबले आहे. दर महिन्याला मला वाटते की आता फाटेन, आणि दर महिन्याला फातिमा मला टाके घालते.

मित्रांनो, मला एकाच गोष्टीची खंत आहे. मुलांच्या तोंडावरून मला कधी काढायचे, यासाठी अख्खा गाव दोन तास भांडला. ते भांडण खरे होते, दोन्ही बाजूंना आपापल्या माणसांची काळजी होती. पण रफिकसारख्यांच्या तोंडावर मला कधी बांधायचे, यासाठी वीस वर्षांत एकही सभा भरली नाही. तुम्हाला मी आता नको आहे, हे चांगलेच आहे. मोकळ्या तोंडाने हसा, भांडा, बोला, आणि ज्याला कमी ऐकू येते त्याच्याकडे तोंड करून बोला. फक्त तुमच्या घरात किंवा गल्लीत कोणी धुळीत, तुसात, भुशात राबत असेल, तर त्याला माझी आठवण करून द्या. तो आपणहून मला घालणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

कारण रफिक अजूनही विसरतो. चहा झाला की मला खिळ्यावर अडकवतो आणि तसाच मागापाशी जातो. मी लोंबत राहतो, मला हाक मारता येत नाही. मग दुपारी सुहाना कॉलेजातून येताना डबा घेऊन शेडच्या दारात उभी राहते. माग खडखडत असतात. ती हाक मारत नाही. तो मान वर करून आपल्याकडे बघेपर्यंत ती थांबते, आणि मोकळ्या तोंडाने, आवाज न काढता, सावकाश ओठ हलवते:

"अब्बा, मास्क."

आणि रफिकला ते ऐकू जाते.