मुठीचं माप

बाबांनी आजोबांचं रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे टेबलावर ठेवलं तेव्हा मला वाटलं, चला, ते मला द्यायचा एकदाचा मुहूर्त लागला. मी हातातला कॉफीचा मग बाजूला सारला. तेवढ्यात बाबा म्हणाले, "हे जरा नीट करून दे, सिग्ने. लाइल मे महिन्यात पन्नास वर्षांचा होतोय. त्याला देऊ."

लाइल म्हणजे माझा धाकटा भाऊ. बिलिंग्ज शहरात दातांचा डॉक्टर आहे. वर्षातून एकदा आमच्या रँचवर वासरांना मालकीचा डाग द्यायच्या वेळी येतो, नवे कोरे हातमोजे घालून कुंपणावर बसतो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या आधी पाठ धरून आडवा होतो. त्याला रिव्हॉल्व्हर. आणि ते नीट कोणी करायचं, तर मी.

"त्याला कशाला?" मी विचारलं.

"मग कुणाला?"

"मी इथेच बसलेय, बाबा."

"तुला काय कमी आहे?" असं म्हणून त्यांनी पाव लोण्यात बुडवला. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या घोडीवर मी चालायच्या आधी बसायला शिकले, ती कुंपणाच्या तारेत पाय मोडून पडली तेव्हा बाबांनी हेच रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. लाइल कानात बोटं घालून आईच्या मागे लपला होता. मी घोडीच्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि चाप ओढला. त्या दिवसापासून माझ्या मनात ते माझंच होतं. कुणी तसं बोललं नव्हतं, पण प्रत्येक गोष्ट काय बोलून दाखवायची असते का?

आई गेल्यावर ते गोठ्यातल्या पत्र्याच्या पेटीत पडून राहिलं होतं. उंदरांनी त्यावर संसार थाटला होता. नळीवर लाल गंज, गोळ्यांचं चक्र फिरेना, आणि लाकडी मुठीची एक बाजू उभी चिरलेली. एखाद्याने गंज बघून सरळ पॉलिशच्या चाकावर धरलं असतं आणि आरशासारखं करून दिलं असतं. बाजारात तशी मिळतात. त्यात कोरलेली अक्षरं पुसली जातात, कडा गोल होतात आणि जुनं हत्यार म्हणजे आहेरातला चकचकीत चमचा होऊन बसतं. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं होतं तसंच करून टाकावं. लाइलला कुठे कळणार होतं? पण हात धजावेना. हात आजोबांच्या बाजूने होते.

बाहेर बर्फ होतं आणि गाई व्यायला अजून अवकाश होता. मी रोज जेवण झालं की शेडमधल्या बाकावर बसायचे. भाग सुटे करून रॉकेलमध्ये भिजत घातले. प्रत्येक स्क्रू ज्या भोकातून आला त्याच्या नावाने वेगळा ठेवला, कारण इतक्या वर्षांनी त्यांची आपापल्या जागेशी सोयरीक झालेली असते. नळी स्वच्छ पाण्यात उकळली. उकळत्या पाण्यात लाल गंज काळा होतो, मग तो तेल लावून अगदी बारीक तारेच्या काथ्याने अलगद पुसायचा. पुन्हा उकळायची, पुन्हा पुसायची. हळूहळू खालून जुना काळसर निळा रंग वर आला. कमरेच्या चामडी होल्स्टरमध्ये सरकवून सरकवून नळीच्या टोकाशी तो झिजला होता, ती झीज मी तशीच ठेवली.

आणि सगळा वेळ मी जळत होते. पुसता पुसता लाइलशी भांडत होते. "ये ना, बस ना इथे," मी म्हणायचे, "पंधरा मिनिटं तरी रॉकेलचा वास घे. दात काढायला बरं जमतं, गंज काढून दाखव." एकदा बाबा दारात उभे होते. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून बरं.

"कुणाशी बोलतेस?"

"स्क्रूशी."

"झकास झालंय," ते म्हणाले. "लाइल खूश होईल."

त्या वाक्यानंतर मी मुठीला हात घातला.

चिरलेली मूठ टाकून नवी करायची होती. जुन्या पलंगाच्या पायाचं अक्रोडाचं लाकूड ठेवलेलं होतं. मूठ करताना थोडं तासायचं, हातात धरून बघायचं, जिथे टोचतं तिथे अजून तासायचं. आता बाकावर हात कुणाचा होता? माझाच. मी मुद्दाम नाही केलं. बरं, थोडं मुद्दाम केलं. एका टप्प्यावर मला कळलं होतं की मोठ्या हाताला आता पुरे, इथे थांबायला हवं. मी थांबले नाही. तासत गेले, तासत गेले, आणि एका दुपारी मूठ तळव्यात अशी बसली की बोटांना वेगळं काही धरल्यासारखंच वाटेना. तेव्हा इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

मेमध्ये डाग देण्याचं काम उरकलं, शेजारी जेवून गेले, आणि आम्ही तिघंच मागच्या ओसरीत उरलो. बाबांनी रिव्हॉल्व्हरचा खोका लाइलच्या मांडीवर ठेवला. त्याने झाकण उघडलं. मग डोळे पुसले. मला ते बघवेना. डोळे पुसायला याने केलं काय होतं?

"चालवून बघ," बाबा म्हणाले.

समोर ओहोळाच्या काठावर बीन्सचे रिकामे डबे मांडले. लाइलने नेम धरला. मूठ त्याच्या हातात पार हरवली, बोटांची टोकं वळून त्याच्याच तळव्यात रुतली. गोळी सुटली की रिव्हॉल्व्हर हातात गरकन फिरायचं. सगळ्या गोळ्या मातीत गेल्या. मी हसू दाबलं होतं, पण मनात गुदगुल्या होत होत्या.

बाबांनी ते त्याच्याकडून घेतलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि मूठ धरली. त्यांनाही ती बसेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ही कुणाच्या हातावर बेतलीस?"

"बाकावर माझाच हात होता," मी म्हणाले.

बाबांनी ते लाइलला परत दिलं. लाइलने रिव्हॉल्व्हर खोक्यात ठेवलं आणि खोका माझ्याकडे सरकवला.

"घे. तुझंच आहे."

हेच तर मला हवं होतं. मी हात पुढे केलासुद्धा.

"रँच तुला, घर तुला, कुत्रासुद्धा तुझ्याच हाकेला उठतो," लाइल हळू आवाजात म्हणाला. "मी येतो तेव्हा पाहुण्यांच्या खोलीत झोपतो. बाबा औषधं कुठली घेतात, ते मला तुला विचारावं लागतं. ते माझ्याशी फोनवर हवामानाबद्दल बोलतात, सिग्ने, आणि मग म्हणतात, थांब, सिग्नेला देतो. तीस वर्षं. एक वस्तू त्यांनी स्वतःहून माझ्यासाठी काढली, तर तीही तू तुझ्या मापाची केलीस."

मला वाटायचं, जळणारी एकटी मीच. हा तर तिकडे एकटा बसून माझ्याहून जास्त जळत होता, आणि त्याच्याकडे जळायला कारणही होतं. मला त्याचा राग आला. मग पुढे केलेला हात मी मागे घेतला.

"काय म्हणतोय तो?" बाबांनी कानामागे हात धरून विचारलं.

"मूठ लहान झाली म्हणतोय."

"मग दुसरी कर."

"करते," मी म्हणाले. खोक्याचं झाकण उलटं करून ओसरीच्या कठड्यावर ठेवलं आणि खिशातली सुतारी पेन्सिल काढली. "हात आण इकडे."

"राहू दे आता."

"हात आण म्हणते ना."

त्याने हात झाकणावर पसरला. मऊ हात, एक घट्टा नाही. मी अंगठ्यापासून रेघ ओढायला लागले. रुंद तळवा, मधल्या पेरावर जाड झालेली बोटं आणि आत वळलेली करंगळी. तो थेट बाबांचा हात होता. माझे हात आईवर गेलेत, अरुंद आणि लांब. आयुष्यभर मी बाबांच्या शेजारी खपले, आणि त्यांचा हात याला फुकटात मिळाला. काय जळले मी तेव्हा, सांगता येत नाही. पेन्सिल थोडी आत घेतली असती तर कुणाला कळलंही नसतं. मी ती करंगळीच्या वळणासकट बाहेरच्या कडेने पुरी फिरवली.