तोंड दिसलं पाहिजे

सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या आणि सून आरशासमोर उभी होती. घरातली बाई आरशासमोर उभी राहिली तर त्यात पाहण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण तिचा नवरा गेलेला असला की आरशावरसुद्धा पाळत बसते. शेंगेची शीर ओढता ओढता सासूबाईंनी दोनदा मान वळवली. सून नटत नव्हती. तिने नवऱ्याचं जुनं हेल्मेट डोक्यावर चढवलं होतं. ती मान उजवीकडे वळवी, तरी हेल्मेट आपलं समोरच बघे.

“हे मला ढिलं होतं, आई. नवीन घ्यावं लागेल.”

नवीन हा शब्द तिच्या तोंडून त्या घरात बऱ्याच काळाने आला होता, आणि तो कुणालाच रुचला नाही.

नवरा दुखण्याने गेला, त्याची मोटारसायकल ओसरीवर कापडाखाली उभी राहिली. सून रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. घरोघरी जाऊन रुग्णांच्या रक्ताचे नमुने आणायचं काम. गावाबाहेरच्या लांबच्या रस्त्यावर जाईल, अशा माणसाला लॅब कायम करणार होती, मात्र गाडी स्वतःची हवी. हे काम हुकलं असतं तर चपलेच्या अंगठ्यासाठीही तिला दिरापुढे उभं राहावं लागलं असतं. म्हणून ती लॅबमागच्या मैदानात मैत्रिणीकडून गाडी शिकली. मैत्रीणच होती ना, याची चौकशी दिराने परस्पर करून घेतली होती.

“वहिनी, काम करा, आमची ना नाही,” दीर म्हणाला. “फक्त कोण जातंय ते गल्लीला कळलं पाहिजे.”

हा त्या गल्लीचा कायदा. नवरा नसलेल्या बाईने कुठेही जावं, पण दिसत जावं. समोरच्या खिडकीत एक बाई सदा उभी असे; पोरं तिला दुर्बीणकाकू म्हणत. कोण किती वाजता गेलं, कुठल्या रंगात गेलं, हे तिच्याकडून घरबसल्या कळे, आणि ते कळवण्याला ती माया म्हणत असे.

दुकानात सासूबाई बरोबर गेल्या. पिशवी धरायला, असं त्यांनी सांगितलं.

दुकानदार बोलका होता. त्याने डोकं मापायला फीत काढली, तशी सासूबाईंनी ती त्याच्या हातातून घेतली आणि सुनेचं डोकं स्वतः मापलं. मग त्याने हनुवटीपर्यंत पूर्ण झाकणारं हेल्मेट पुढे ठेवलं. नवीन चालवणारा पडतो तेव्हा बहुधा तोंडावर पडतो, असं तो सांगत होता. सुनेने ते घातलं, काच खाली केली, मान हलवली. हेल्मेट मानेबरोबर फिरलं. आतून तिचा आवाज आला, “हे बसतंय, आई.”

सासूबाईंना मात्र आत कुणीच दिसेना. काचेवर त्यांचाच चेहरा उमटला होता.

“काढ ते,” त्या म्हणाल्या. “तोंड दिसलं पाहिजे.”

सुनेने एकदा सांगून पाहिलं की पडलं तर आधी जबडाच जाईल. सासूबाईंनी उलट विचारलं की पडायचं आधीच ठरवलंय का. जॅकेट पाहून त्या म्हणाल्या, पुरुषी दिसतं. हातमोजे मात्र त्यांनी मुकाट्याने घेऊ दिले, कारण हातांवरून काही कुणी ओळखत नाही. शेवटी तोंड उघडं ठेवणारं, बिनकाचेचं, पांढरं हेल्मेट त्यांनी निवडलं. लांबून ओळखू येतं.

आज ऐकलं तर उद्या काम हातात राहील, असा हिशेब करून सुनेने तेच डोक्यावर चढवलं. असे हिशेब करण्यात किती जणींचा जन्म सरतो, हे तो वरचाच जाणे.

तोंड दिसू लागलं, पण त्याने संशय काही मिटला नाही, उलट त्याला खाद्य मिळालं. आज ती पेट्रोलपंपावर हसली. काल डोळे लाल होते, कुणाशी बिनसलं असेल. गुरुवारी नेहमीच्या रस्त्याने न येता कालव्याकडच्या वळणाने आली. इस्त्रीवाल्याने पाहिलं ते काकूला कळलं, काकूने सासूबाईंना सांगितलं आणि जेवताना दीर म्हणाला, “कालव्याकडे कोण राहतं, वहिनी?” तिने सांगितलं, रुग्ण राहतात. दिराने वाटी पुढे केली, पण विश्वास ठेवला नाही.

त्याच वळणावर ती पडली. वेग फारसा नव्हता. कुत्रं आडवं आलं, खडीवर चाक घसरलं, आणि रस्त्याच्या कडेचा दगड तिच्या हनुवटीला लागला. कपाळ, टाळू सगळं शाबूत राहिलं. जबडा तेवढा मोडला.

डॉक्टरांनी दातांना तारा बांधून तोंड बंद केलं. आता ती बोलू शकत नव्हती, आणि तिच्याबद्दल सगळे बोलत होते. वळणावर काय काम होतं? कुणाचं घर आहे तिथे? समाचाराला आलेली माणसं तिच्यादेखत हे कुजबुजत. ती छताकडे बघत पडून राही. सासूबाई वाटीतलं पातळ खाणं चमच्याने तिच्या ओठांशी धरत आणि त्यांच्याही डोळ्यांत तोच प्रश्न असे.

एका दुपारी त्या स्वतःच बसमध्ये बसल्या आणि कालव्याच्या वळणावर उतरल्या. पहिल्याच घराचं दार तिशीतल्या एका पुरुषाने उघडलं. सापडलं, असं त्यांच्या मनाने म्हटलं.

“रक्त घ्यायला आलात का?” त्याने विचारलं. “आई आत आहे.”

आत खाटेवर त्यांच्याच वयाची एक बाई पडली होती. तिचे दोन्ही हात सुयांनी निळे झाले होते. सासूबाईंनी आपण कोण ते सांगितलं नाही. लॅबकडून आले, एवढंच म्हणाल्या.

“ती मुलगी कशी आहे हो?” म्हातारीने विचारलं. “माझी शीर सापडत नाही कुणाला. ती हात चोळून चोळून गरम करायची, मग टोचायची. त्या दिवशी मी वाट बघत होते. तोंडाला लागलं म्हणे. आता काय सांगू, दुसऱ्याचा जीव जपणाऱ्या पोरीला असलं अर्धवट हेल्मेट दिलं तरी कुणी?”

सासूबाई पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिल्या. म्हातारीने पुन्हा विचारलं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि त्या उठल्या.

घरी आल्यावर त्यांनी वाटी घेतली, पण चमचा पुढे केला नाही. “त्या घरी गेले होते,” त्या म्हणाल्या. “तुला पकडायला गेले होते.”

सुनेने तोंड भिंतीकडे वळवलं. त्या दिवशी तिने काही घेतलं नाही. चूक कबूल केली की माफी लगेच मिळते, असा समज सासूबाईंचाही होता, तो गेला.

तारा निघाल्या तेव्हा ती पुन्हा बोलायला लागली. अक्षरं अजून अडखळत होती.

“मी परत गाडी चालवणार. आणि काय घालायचं ते माझं मी ठरवणार.”

“वहिनी, गल्लीत लोक...” दिराने सुरुवात केली.

“लोकांना मी बघते,” सासूबाई म्हणाल्या. “तू जेव.”

दुकानदाराने दोघींना ओळखलं. या खेपेला सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. तो सवयीने त्यांच्याकडेच वळला, तेव्हा त्यांनी बोटाने सुनेकडे दाखवलं. सुनेने घाई केली नाही. पट्टा हनुवटीखाली आवळून बघितला, काच वर-खाली केली, कोपर टेकवून जॅकेटच्या आतल्या गाद्या तपासल्या, घोट्याच्या वर येणारे बूट घातले. तिने काय काय घेतलं ते सासूबाईंनी पाहिलं. का घेतलं ते विचारलं नाही.

पुन्हा कामावर जायच्या पहिल्या सकाळी काळ्या हेल्मेटातली ती गल्लीतून निघाली. खिडकीतून काकू वाकली.

“कोण हो गेलं ते? तोंडच दिसलं नाही.”

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. नाव सांगणं सोपं होतं. तोंडाशी आलंही होतं.

“जिला जायचं होतं ती गेली,” त्या म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

काकू मात्र अजून रस्त्याकडे बघत होती. वाचकहो, देवाला स्मरून सांगा, आपल्यापैकी किती जण तिच्या शेजारी उभे आहोत?