जयवंतच्या छातीतली धडधड

रमाकांत बाजाराची पिशवी दाराशी ठेवता ठेवताच कोसळला तो गेलाच, आणि तेव्हापासून त्याच्या धाकट्या भावाच्या, जयवंतच्या छातीत धडधड सुरू झाली.

काळाचौकीच्या चाळीतल्या एका खोलीत संसार. त्यामुळे त्या धडधडीतून जयवंतच्या बायकोची, सुभद्राचीही सुटका नव्हती. जेवता जेवता तो हातातला घास ताटात ठेवायचा. कपाळ घामाने डबडबायचं, बोटं गार पडायची.

"गो, माझो हात बघ. थंड पडलो."

हे ऐकलं की सुभद्रा फॉल लावायला घेतलेली साडी बाजूला टाकून उठायची. हात चोळायची, पाणी द्यायची, खाली जाऊन टॅक्सी थांबवायची. हॉस्पिटलात छातीला वायरी लागायच्या आणि कुणीतरी तरुण डॉक्टर तेच सांगायचा, "काका, हार्ट एकदम ठीक आहे. हे भीतीने होतंय." जयवंतला एक-दोन दिवस हायसं वाटायचं. मग पुन्हा तीच हाक.

तो ढोंग करत नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जेवण तुटलं होतं, शर्ट अंगावर लोंबत होते. लोअर परळच्या ऑफिसात सिक्युरिटीची ड्युटी करताना पाय लटपटायचे, म्हणून साहेबाने त्याला खुर्ची दिली होती. अशा माणसावर चिडायचं तरी कसं? सुभद्रा चिडली नाही. तिची झोप मात्र गेली. नवऱ्याचा डोळा लागला की ती त्याचा श्वास ऐकत पडायची. सकाळी डोकं ठणकायचं, सुईत दोरा ओवताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. वय झालं म्हणायची आणि बाम चोळायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती त्याला घेऊन लालबागला त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, मानसी सामंतांकडे गेली. त्यांनी जयवंतला तपासलं. "तुमचं प्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे," म्हणाल्या. मग त्यांची नजर सुभद्रावर थांबली.

"वहिनी, तुम्ही बसा जरा इथे."

"मला काय झालंय?"

"बसा हो."

दंडाभोवती पट्टा आवळला. डॉक्टरांनी एकदा मोजलं, थांबून पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या दंडावर मोजलं.

"डोकं दुखतं?"

"रोजच."

"मग बोलला नाहीत कधी?"

सुभद्राने पदर सारखा केला. बोलणार कधी? घरात सगळा वेळ जयवंतच्या छातीचाच.

"आत्ताच्या आत्ता ॲडमिट व्हायचं. हे प्रेशर फार वाढलंय," डॉक्टर म्हणाल्या.

जयवंतचा चेहरा पांढराफटक पडला. आता यालाही सांभाळायचं, असं सुभद्राच्या मनात आलं. ती खुर्चीतून उठलीच नाही. पण तो धडपडत बाहेर गेला, टॅक्सी अडवली, परत येऊन तिला दंडाला धरून उठवलं. टॅक्सीत बसेपर्यंत त्याची पकड सुटली नाही.

टॅक्सीत तो म्हणाला, "गो, बोल काय तरी."

"माका बोलूक सांगू नका. दमलंय मी."

वॉर्डात ती मेल्यासारखी झोपली. गोळ्यांसाठी नर्सला तिला हलवून जागं करावं लागे. जयवंत घरून पेज करून आणायचा. पहिल्या दिवशी मीठ घालायचं विसरला. तिने तशीच प्यायली.

ती घरी आली ती रोजच्या गोळ्या घेऊनच. जयवंतची भीतीही काही पळाली नाही. सामंत डॉक्टरांनी त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे तो एकटा जाऊ लागला. मी येणार नाही, हे सुभद्राने आधीच सांगून टाकलं होतं.

एका दुपारी ती आडवी झाली होती, तेवढ्यात पुन्हा हाक आली. "गो, माका बरा वाटत नाय."

"खिडकीशी बसा. डॉक्टरांनी शिकवल्यानी तसो श्वास घेवा. मी आता उठूचंय नाय."

तो बसला. श्वास लांब व्हायचा, मध्येच तुटायचा, पुन्हा सुरू व्हायचा. सुभद्राने भिंतीकडे तोंड केलं. कान त्याच्याकडेच होते. इतक्या महिन्यांची सवय अशी लगेच जात नाही. पण ती उठली नाही.